जाळी उरली ती कशानं?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं आवरून)

हातातलं काम चालू ठेवा, ऐकता ऐकता करता येईल असंच आजचं बोलणं आहे. फक्त जवळपास सुतळीचं एखादं गुंडाळं असेल तर ते घेऊन बसा.

मागे एका बचत गटातल्या बायांनी मला बोलावलं होतं. गटानं गावठी कोंबड्या घेतल्या होत्या. खुराडं तयार होतं, पण दिवसा कोंबड्यांना फिरायला जाळीचं आवार करायचं होतं. जागा आखली, २० फूट लांब आणि १० फूट रुंद. आता जाळी किती आणायची? गटातल्या एकीची मुलगी पाचवीत. तिला विचारलं. तिनं वहीत मांडलं, वीस गुणिले दहा, दोनशे. बाया तालुक्याला गेल्या आणि २०० फूट जाळी कापून घेऊन आल्या, १८ रुपये फुटानं. खांब रोवले, जाळी ताणली, आवार पुरं झालं तरी भलंमोठं भेंडोळं तसंच पडलेलं. दुकानदार म्हणाला, कापलेला माल परत घेत नाही. त्याचंही चूक नाही म्हणा.

मी गेले तेव्हा ती पोर दाराआड उभी होती. आई म्हणाली, "बाई, हिचं गणित कच्चंय. गटाचे अडीच हजार घालवले हिनं."

मी पोरीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आयताची परिमिती कशी काढतात गं?" तिनं घडाघडा सांगितलं, "दोन गुणिले लांबी अधिक दोन गुणिले रुंदी." सूत्र तिला पाठ होतं! मग गुणाकार का केलास? तर म्हणाली, "ते क्षेत्रफळाचं पण सूत्र आहे ना बाई. कुठलं लावायचं ते कळलं नाही."

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. हे ऐकून मलाच शरमल्यासारखं झालं, कारण सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही असंच शिकवत होते. फळ्यावर आयत काढायचा, एका बाजूला लांबी लिहायची, एका बाजूला रुंदी, खाली सूत्र. मुलं उत्तर बरोबर आणायची, मी बरोबरची खूण करायची. त्या आयताच्या कडेनं कधी कुणी चाललं नव्हतं. पोरीचं गणित कच्चं नव्हतं. तिला माप हाताला लागलेलं नव्हतं, एवढंच.

परिमिती हा शब्द अवघड वाटतो, पण फोडला की सोपा आहे. परि म्हणजे सभोवती, मिती म्हणजे माप. देवळाला आपण प्रदक्षिणा घालतो. ती घालताना जेवढं चाललो, तेवढी परिमिती. क्षेत्रफळ वेगळं. अंगण सारवताना शेणाचा हात जिथं जिथं फिरतो तो सगळा पृष्ठभाग म्हणजे क्षेत्रफळ, आणि सारवून झाल्यावर कडेकडेनं रांगोळीची रेघ ओढतो ती जेवढी लांब, तेवढी परिमिती. एकदा सारवण आणि रेघ यांतला फरक मुलाच्या डोक्यात बसला की कुठलं सूत्र लावायचं हा प्रश्न उरत नाही. फरशी, ताडपत्री, भिंतीचा रंग, हे सारवणासारखं. लेस, तार, दोरी, दाराची पट्टी, हे रेघेसारखं. जाळीला उंची असते, पण ती आधीच ठरलेली असते. दुकानदार कापतो ती लांबी. म्हणून जाळी रेघेत येते.

आता मुलांना हे घरी कसं शिकवायचं ते सांगते. आपण शाळा किती शिकलो याच्याशी याचा काही संबंध नाही. अंगठा लावणाऱ्या आजीलाही हे शिकवता येईल.

घरातली चौकोनी वस्तू घ्या. पाट घ्या, ट्रंकेचं झाकण घ्या, नाहीतर जमिनीवर गोधडी अंथरा. आधी मुलाला कडेवरून बोट फिरवू द्या. जिथून निघालास तिथंच परत यायचं, मध्ये बोट उचलायचं नाही. मग त्याच कडेनं सुतळी लावा. कोपऱ्यावर दुसऱ्या मुलाला बोट दाबून धरायला सांगा, नाहीतर सुतळी कोपरा कापून आत सरकते आणि माप कमी भरतं. फेरा पुरा झाला की सुतळी कापा आणि जमिनीवर सरळ ताणून ठेवा. ही त्या पाटाची परिमिती. अजून एकही आकडा आलेला नाही, पण परिमिती हातात आली. ही सुतळी मुलाला थोडा वेळ खेळू द्या, घाई करू नका. दोन वस्तूंच्या सुतळ्या शेजारी ठेवल्या की कुणाची कड मोठी तेही दिसतं.

मग मोजणं. पहिल्यांदा वितीनं मोजू द्या. मुलाच्या नऊ विती भरतील, तुमच्या सात. मुलं भांडतील, माझं बरोबर, तुझं चूक. भांडू द्या थोडं. सगळ्यांना सारखंच माप का लागतं, हे त्या भांडणातूनच कळतं. मग टेप काढा.

टेपबद्दल दोन गोष्टी. शिवणाच्या टेपला एका बाजूनं ६० इंच असतात, दुसऱ्या बाजूनं १५० सेंटिमीटर. मुलं एक बाजू इंचांत मोजतात, टेप उलटते आणि दुसरी बाजू सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. मग बेरीज भलतीच येते. एकच बाजू वर ठेवायची. दुसरं, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी नीट बघा. तिचं शून्य अगदी टोकाला नसतं, थोडं आत असतं. टोकापासून मोजलं की दर वेळी थोडी चूक, आणि चार बाजूंना मिळून चारपट. काही मुलं तर एकच्या आकड्यापासून मोजायला लागतात. आणि शिवणाचा जुना टेप वापरून वापरून ताणलेला असतो, तेव्हा एकदा लोखंडी टेपशेजारी धरून पडताळून घ्या. तुम्ही ब्लाउज शिवत असाल तर हे तुम्हाला सांगायला नको.

आता चारही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या आणि चारही लिहायच्या. इथं आपण मोठी माणसं गडबड करतो. "अरे, समोरासमोरच्या बाजू सारख्याच असतात, दोनच मोज," असं सांगून टाकतो. सांगू नका. त्याला मोजू द्या. लांबी ७२ इंच, रुंदी ५४, पुन्हा ७२, पुन्हा ५४. तिसऱ्या-चौथ्या वस्तूला मूल स्वतःच म्हणतं, हे तर तेच तेच येतंय. त्यानं स्वतः पकडलेलं हे ज्ञान मग सुटत नाही. तेवढ्यात ती परिमितीची सुतळी घ्या आणि बरोबर मध्ये दुमडा. दुमडलेली सुतळी गोधडीच्या एका लांबीवर आणि लागून असलेल्या एका रुंदीवर ठेवून बघा, नेमकी बसते. म्हणजे लांबी आणि रुंदी मिळवायची आणि दुप्पट करायची. सूत्र सुतळीच्या घडीतून निघालं, पाठ करायला लागलं नाही. ७२ आणि ५४ मिळून १२६, त्याची दुप्पट २५२ इंच. बाराने भागलं की २१ फूट. मीटरमध्ये ६ मीटर ४० सेंटिमीटर. गोधडीला गोट लावायचा असेल तर कोपऱ्यांची घडी आणि शेवटची जोड धरून साडेसहा मीटर घ्यावा.

शाळेतल्या मुलांची सगळ्यात नेहमीची चूक अशी की पुस्तकातल्या चित्रात दोनच बाजूंना आकडे लिहिलेले असतात, म्हणून ती दोनच आकडे मिळवतात. ७२ आणि ५४, उत्तर १२६. यावर मी एक उपाय करायचे. अंगणात खडूनं मोठा आयत आखायचा, चार कोपऱ्यांवर चार मुलं उभी करायची आणि पाचव्यानं कडेनं चालायचं. प्रत्येक कोपऱ्यावरचं मूल आतापर्यंतची बेरीज मोठ्यानं सांगणार. दोनच बाजू चालून जो थांबतो, तो समोरच्या कोपऱ्यातच अडकतो. बाकीची ओरडतात, "अरे घरी ये की!" ही चूक पुन्हा होत नाही.

दुसरी चूक जरा फसवी आहे. तुमच्या घरात शहाबादी फरशी असेल, एकेक फुटाची. पाच फरश्या लांब, तीन फरश्या रुंद एवढा तुकडा खडूनं आखा. आता मुलाला विचारा, कडेची रेघ किती फूट? ते काठावरच्या फरश्या मोजतं आणि १२ म्हणतं. मोजून बघा, काठावरच्या फरश्या खरंच बाराच आहेत. पण रेघ १६ फूट आहे. चार फूट गेले कुठं? कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या फरशीच्या दोन कडा बाहेर येतात, मुलानं ती फरशी एकदाच मोजली. फरश्या मोजायच्या नसतात, त्यांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या असतात. खरं सांगते, हे मला नोकरीच्या दहाव्या वर्षी एका मुलीनं दाखवलं. तोवर मीही काठाचे चौकोन मोजूनच दाखवत होते.

खांबांचं याच्या उलट होतं. त्या गटाच्या आवारात दर पाच फुटांवर खांब हवा होता. पोरीनं मोजलं, लांब बाजूला ५, आखूड बाजूला ३, पुन्हा ५, पुन्हा ३, एकूण १६. पण रोवले तेव्हा १२ पुरले. कारण कोपऱ्यावरचा प्रत्येक खांब दोन्ही बाजूंच्या हिशेबात आला होता. चार कोपरे, चार खांब जास्त. सोपी रीत अशी की सगळा फेरा ६० फूट, दर पाच फुटांना एक, ६० भागिले ५, बारा. फेरा जिथं सुरू होतो तिथंच मिटतो, म्हणून जेवढ्या फटी तेवढेच खांब. सरळ रांगेत मात्र एक खांब जास्त लागतो, हे लक्षात ठेवा.

तारेचं कुंपण तीन पदरी करायचं असेल तर? वटपौर्णिमेला वडाला सात फेरे सूत गुंडाळतो, तेव्हा एका फेऱ्याच्या सातपट सूत लागतं. तसंच हे. एक फेरा मोजा, तीननं गुणा, आणि फाटकाची जागा सोडायची असेल तर ती आधी वजा करा. घराची भिंत एका बाजूला असेल तर ती बाजू मोजायचीच नाही, तिथं तार लागत नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे तिकडे येते.

मुलाला १२ फुटांची सुतळी द्या आणि तिची दोन टोकं बांधा. गाठीत सुतळी खाल्ली जाते, म्हणून साडेबारा फूट घ्या आणि गाठ मारल्यावर बारा भरते का बघा. आता या सुतळीचे वेगवेगळे आयत करायला सांगा. ५ फूट लांब आणि १ फूट रुंद. मग ४ आणि २. मग ३ आणि ३. सुतळी तीच, फेरा तोच, १२ फूट. आता आत एकेक फुटाचे वर्तमानपत्राचे चौकोन मांडा. पहिल्यात ५ बसतात, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ९. मुलांचे डोळे विस्फारतात, आणि मोठ्यांचेही. कड सारखी असली म्हणजे आतली जागा सारखी असतेच असं नाही.

माझ्या आईच्या आईला हे माहीत नव्हतं. ती तरुणपणी विधवा झाली. पदरात दोन मुली. दिरांनी वाटणी करायची ठरवली. चार माणसं शेतात उभी राहिली आणि पावलांनी मोजणी झाली. एका तुकड्याच्या चारी बाजूंनी चालले, २४० पावलं. दुसऱ्या तुकड्याच्या चारी बाजूंनी चालले, २४० पावलं. सगळे म्हणाले, तंतोतंत सारखं. आजीनंही स्वतः पावलं मोजली होती. तिनं अंगठा दिला.

दिराचा तुकडा ६० पावलं लांब आणि ६० पावलं रुंद होता. आजीचा ९० लांब आणि ३० रुंद, ओढ्याकडेची लांबट पट्टी. आता हिशेब करा. साठ गुणिले साठ, ३६००. नव्वद गुणिले तीस, २७००. फेरा सारखा, पण आजीची जमीन चौथ्या हिश्श्यानं कमी. पाऊल अडीच फुटाचं धरलं तर दिराकडे साडेवीस गुंठ्यांच्या वर गेली आणि आजीकडे साडेपंधरा गुंठे आली. पाच गुंठे गेले, आणि कुणी खोटं बोललं असं म्हणायलाही जागा नाही. पुढं कित्येक वर्षांनी सरकारी मोजणी आली तेव्हा कागदावर आकडा दिसला. आजी शेवटपर्यंत म्हणायची, पावलं तर सारखीच भरली होती गं. त्यांनी हे मुद्दाम केलं की त्यांनाही कळलं नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून जमिनीची वाटणी असो की भाड्यानं घेतलेला तुकडा, फेरा मोजून समाधान मानायचं नाही. आतली जागा विचारायची. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ३३ फूट बाय ३३ फूट असा चौरस काढला की एक गुंठा होतो. चाळीस गुंठ्यांचा एकर.

पण कुंपणाच्या वेळी हेच उलटं बघावं लागतं. ३३ बाय ३३ चा गुंठा असेल तर फेरा १३२ फूट. तोच एक गुंठा ९९ फूट लांब आणि ११ फूट रुंद पट्टीत मिळाला तर? ९९ गुणिले ११ केलं तरी १०८९ च येतात, जमीन पुरी आहे. पण फेरा २२० फूट झाला. तीन पदरी तार घालायची तर चौरसाला ३९६ फूट आणि पट्टीला ६६०. जमीन तेवढीच, पण २६४ फूट तार जास्त. आजीला जमीन कमी मिळाली, आणि कुंपणाला मात्र दिराएवढीच तार लागली असती.

अजून एक. शेतात किंवा अंगणात आयत आखला की तो खरंच आयत आहे ना, हे बघा. जुनी खाट ढिली झाली की एका बाजूला कलते. चारही लाकडं तेवढीच असतात, पण झोपायची जागा अरुंद होते. आखणीतही तसंच होतं, बाजू बरोबर आणि कोपरे तिरके. गवंडी कोपऱ्याला गुण्या लावून बघतो. आपल्याकडे गुण्या नसेल तर दोरी तिरकी, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत ताणा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि या दोन्ही तिरक्या दोऱ्याही सारख्या भरल्या तर कोपरे सरळ आहेत. वीस बाय दहाच्या आवारात ती २२ फूट ४ इंचांच्या आसपास येते.

आता त्या गटाचं काय झालं ते सांगते. मी त्या पोरीला म्हटलं, चल, उरलेली जाळी मोज. आवाराचा फेरा ६० फूट, त्यात ३ फुटांचं बांबूचं फाटक, म्हणजे जाळी लागली ५७ फूट. उरली १४३. मग ती सुतळी घेऊन मागच्या पडीक जागेत गेली, बरोबर आणखी चार पोरं. ६० आणि १० असं आखून बघितलं, जागाच तेवढी लांब नव्हती. ५० आणि २० ला आतली जागा आली १००० चौरस फूट. ४० आणि ३० ला आली १२००, एक गुंठ्याहून जास्त. फेरा दर वेळी १४० च. पोरीनं स्वतः ठरवलं, ४० आणि ३०. बाया नुसत्या बघत उभ्या होत्या. कोपरे दोरीनं पडताळले ते तिच्या आईनं.

तिथं आता गटाची परसबाग आहे. मेथी, वांगी, कडेला शेवगा. यातही तीन फुटांचं फाटक सोडलं, सांध्यांच्या दुमडीत दोनेक फूट जाळी गेली, आणि शेवटी चार फुटांचा तुकडा उरला. तो त्या पोरीच्या आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीला ठोकलाय, दुधाला मांजर येतं म्हणून. ठोकायच्या आधी खिडकीची कड मोजून घेतली होती, असं तिनं मला मुद्दाम सांगितलं.

या आठवड्यात तुमच्या घरातली एक चौकोनी वस्तू मुलांकडून सुतळीनं मोजून घ्या, आणि गटाच्या बैठकीला सुतळी घेऊन या. कुणाची सुतळी कशाची आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं.